पेप्टाइड सीरमने त्वचा घट्ट होते का? आधी सैलपणा कुठला ते ओळखा

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. वय ४४. गेल्या दोन-तीन वर्षांत गाल आणि जबड्याची कड सैल वाटू लागली आहे, डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा आल्या आहेत. रेटिनॉल लावून पाहिले, पण चेहरा लाल झाला, सालपटे निघाली, म्हणून ते बंद केले. गेले चार महिने रोज पेप्टाइडचे सीरम लावता आहात. त्वचा मऊ झाली, पण घट्ट झाली असे काही जाणवत नाही. पेप्टाइडने कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, खरेच वाढते का, त्यापेक्षा कोलॅजनचे क्रीम किंवा पिण्याची पावडर बरी का, आणि दुसरी बाटली घ्यावी की नाही, हे तुम्हाला हवे आहे.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. माझे मत आधीच सांगून टाकते. पेप्टाइड हे थोतांड नाही. पण त्याचे काम जाहिरातीत दिसते त्यापेक्षा बरेच लहान आहे, आणि तेवढे काम दिसायलाही आधी दोन गोष्टी जागेवर असाव्या लागतात. तुमच्याकडे त्या आहेत की नाहीत, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही. म्हणून जरा मुळापासून सांगते.

'त्वचा सैल झाली' असे म्हणत येणाऱ्यांची तक्रार प्रत्यक्षात एकच नसते. काहींची त्वचा वरच्या बाजूला पातळ झालेली असते, हसल्यावर डोळ्यांखाली आणि गालावर बारीक चुण्या पडतात आणि त्या पूर्वीसारख्या लगेच जात नाहीत. काहींच्या त्वचेचा ताण कमी झालेला असतो. चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश जागेवर येते. आणि काहींची त्वचा तशी बरी असते, पण तिच्या खालचा आधार बदललेला असतो. गालातली चरबी कमी झालेली किंवा खाली सरकलेली असते, त्वचेला आतून धरून ठेवणारे बंध ढिले झालेले असतात, वयानुसार चेहऱ्याची हाडेही थोडी झिजतात. जबड्याच्या कडेला येणारी लोंबती घडी बहुतेक वेळा या तिसऱ्या कारणाने असते.

घरी ढोबळ अंदाज घेता येतो. हातात आरसा धरून पाठीवर आडवे व्हा आणि चेहरा पाहा. जबड्याची कड आणि गाल बऱ्यापैकी पूर्वीसारखे दिसू लागले, तर सैलपणा मुख्यतः खोलवरचा आहे, कारण झोपल्यावर वजन कानांच्या दिशेने जाते. आडवे झाल्यावरही डोळ्यांकडेच्या बारीक रेषा आणि पृष्ठभागाचा पातळपणा तसाच राहिला, तर तो भाग त्वचेचा स्वतःचा आहे. ही काही निदानाची चाचणी नव्हे, पण मी तपासताना हेच पाहते. बऱ्याच जणींना दोन्ही थोडे थोडे असते.

हे इतके लांबवून सांगितले याचे कारण असे की कुठलेही सीरम, त्यात काहीही असो, फक्त पहिल्या तक्रारीवर नीट आणि दुसरीवर थोडेसे काम करू शकते. तिसरीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तुम्ही चार महिने जबड्याची कड पाहत असाल आणि ती हलली नसेल, तर सीरम निकामी आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. तुम्ही ते चुकीच्या जागी तपासत होता, इतकेच.

आता कोलॅजनकडे येऊ. त्वचेच्या वरच्या पातळ आवरणाखाली डर्मिस नावाचा जाड थर असतो. त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजन असतो. ते बनवण्याचे काम फायब्रोब्लास्ट या पेशींचे. बनलेले कोलॅजन फार टिकाऊ असते. त्वचेतल्या कोलॅजनचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे बदलायला लागणारा काळ, सुमारे १५ वर्षे मोजले गेले आहे. म्हणजे आज तुमच्या गालात असलेल्या धाग्यांपैकी बरेचसे तुम्ही तिशीत असताना किंवा त्याआधीच बनलेले आहेत. ही गोष्ट नीट लक्षात घेतली की 'सात दिवसांत घट्ट त्वचा' अशा दाव्यांबद्दल वेगळे काही बोलायला नको. जी वस्तू इतक्या सावकाश बदलते, ती आठवड्यात नवी होत नाही. आठवड्यात जे बदलते ते वरच्या थरातले पाणी. ग्लिसरीन आणि हायलुरोनिक आम्लाने त्वचा भरलेली, गुळगुळीत दिसते, बारीक रेषा पुसट होतात. तुम्हाला जाणवलेला मऊपणा बहुधा हाच आहे. तो खरा आहे, हवासाही आहे, पण त्याला कोलॅजन वाढले असे म्हणता येत नाही.

प्रौढ वयात त्वचेतले कोलॅजन वर्षाला साधारण एक टक्क्याने घटत जाते. रजोनिवृत्तीनंतर पहिल्या पाच वर्षांत ही घट एकदम वेगाने होते, सुमारे ३० टक्क्यांपर्यंत, आणि मग पुन्हा मंदावते. ४४ व्या वर्षी पाळी अनियमित होऊ लागली असेल तर तुमच्या 'दोन-तीन वर्षांत'चा एक भाग इथे आहे, आणि तो स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलण्याचा विषय आहे. धूम्रपान, झपाट्याने कमी केलेले वजन, वर्षानुवर्षांचे उन्हातले काम, आईवडिलांकडून आलेली चेहऱ्याची ठेवण, या सगळ्यांचा वाटा असतो. तुमच्या चेहऱ्यात कोणाचा किती, ते न पाहता मी सांगू शकत नाही.

पण एका गोष्टीचा वाटा जवळपास सगळ्यांत असतो आणि ती म्हणजे ऊन. मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर आणि जॉन व्हूरहीस यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे फार स्पष्टपणे दाखवले. अतिनील किरण त्वचेवर पडले की पेशी कोलॅजन कापणारी विकरे (एन्झाइम) सोडू लागतात. त्यासाठी त्वचा भाजावी लागत नाही; ती लाल होईल त्याहून बऱ्याच कमी उन्हातही हे सुरू होते. दरवेळी थोडे तुटते, दुरुस्ती होते, पण दुरुस्ती पूर्ण होत नाही. अशा अपुऱ्या दुरुस्त्या वर्षानुवर्षे साचत जातात.

याच गटाच्या कामातला पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनच्या धाग्यांना धरून, ताणलेल्या अवस्थेत राहते, आणि तो ताण असेपर्यंत ती जोमाने नवे कोलॅजन बनवते. धागे तुकडे तुकडे झाले की तिला धरायला काही उरत नाही. ती आक्रसते, कोलॅजन कमी बनवू लागते आणि कापणारी विकरे जास्त सोडते. म्हणजे ऱ्हास स्वतःच पुढच्या ऱ्हासाला वाव देतो. २००७ मध्ये त्यांनी उन्हाने खराब झालेल्या वृद्ध त्वचेत हायलुरोनिक आम्लाचे फिलर, म्हणजे त्वचेखाली भर घालणारे इंजेक्शन, टोचून पाहिले, तेव्हा भोवतालच्या फायब्रोब्लास्ट ताणल्या गेल्या आणि पुन्हा कोलॅजन बनवू लागल्या. याचा अर्थ असा की वय झालेली पेशी संपलेली नसते. तिची क्षमता बरीचशी शाबूत असते, तिच्याभोवतीची परिस्थिती बिघडलेली असते. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे.

मग पेप्टाइड यात कुठे बसते? प्रथिने अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या असतात. पेप्टाइड म्हणजे त्याच साखळीचा छोटा तुकडा, दोन-तीनपासून काही डझन अमिनो आम्लांचा. खूप जणांना वाटते की हे तुकडे त्वचेत जाऊन कोलॅजनमध्ये भर घालतात. तसे होत नाही. सीरममधल्या पेप्टाइडचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की कच्चा माल म्हणून त्याचा काही उपयोग नाही. पेप्टाइड हा माल नसून निरोप आहे. शरीरात कोलॅजन बनताना आणि तुटताना त्याचे काही विशिष्ट तुकडे सुटतात, आणि त्या तुकड्यांवरून फायब्रोब्लास्टला समजते की इथे काम निघाले आहे. कारखान्यात बनवलेली बरीच पेप्टाइड त्याच तुकड्यांची नक्कल असतात. निरोप पोहोचला, वाचला गेला आणि वाचणारा काम करण्याच्या स्थितीत असला, तर काम होते. या तीनपैकी प्रत्येक ठिकाणी अडचण येऊ शकते.

१९९३ मध्ये कातायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या प्रकारच्या (त्वचेत मुख्यतः हाच असतो) प्रोकोलॅजनच्या, म्हणजे कोलॅजनच्या आधीच्या रूपाच्या, एका टोकातला पाच अमिनो आम्लांचा तुकडा शोधला : लायसिन, थ्रिओनिन, थ्रिओनिन, लायसिन, सेरिन. काचेच्या बशीत वाढवलेल्या फायब्रोब्लास्टवर तो टाकला की त्या जास्त कोलॅजन बनवत. अडचण अशी की हा तुकडा पाण्यात विरघळणारा, आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर स्निग्ध. तो आतच जाईना. मग त्याला पामिटिक या मेदाम्लाची शेपटी जोडली गेली. फ्रान्सच्या सेडर्मा कंपनीने हे 'मॅट्रिक्सिल' नावाने बाजारात आणले. घटकांच्या यादीत ते 'पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४' असे दिसते. केसरहित उंदरांच्या त्वचेवर पाहिले तेव्हा शेपटी नसलेला तुकडा त्वचेच्या कुठल्याच थरात सापडला नाही, शेपटी असलेला डर्मिसपर्यंत थोडा पोहोचला.

माणसांवरच्या अभ्यासांत २००५ चा प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या संशोधकांचा अभ्यास बरा बांधलेला आहे. ३५ ते ५५ वयाच्या ९३ स्त्रिया, चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइड असलेले मॉइश्चरायझर, दुसऱ्या बाजूला तेच मॉइश्चरायझर पेप्टाइडशिवाय, आणि कुठल्या बाजूला काय आहे हे ना लावणाऱ्यांना माहीत ना तपासणाऱ्यांना. १२ आठवड्यांनी पेप्टाइडच्या बाजूच्या सुरकुत्या आणि बारीक रेषा जास्त कमी झाल्या होत्या. फरक मोजता येण्याजोगा होता, पण लहान होता. यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, मोजल्या गेल्या त्या बारीक रेषा. गाल वर आले का, हे त्यात नव्हते. दोन, पेप्टाइडचे प्रमाण दहा लाखांत तीन भाग, म्हणजे ०.०००३ टक्के होते. हा आकडा लक्षात ठेवा, बाटली वाचताना लागेल.

दुसरे नाव तुम्ही ऐकले असेल ते कॉपर पेप्टाइड. ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन अमिनो आम्लांचा हा तुकडा लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ मध्ये मानवी रक्तद्रवातून वेगळा केला. तो तांब्याला घट्ट धरतो, म्हणून त्याचे सीरम निळे असते. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की फायब्रोब्लास्ट याच्या संपर्कात जास्त कोलॅजन बनवतात. आकाराने तो लहान आहे, त्यामुळे त्वचेत शिरण्याची शक्यता बरी. पण बशीत जे दिसते ते चेहऱ्यावर तितकेच दिसेल असे नाही. लेझरने सोललेल्या त्वचेवर कॉपर पेप्टाइड लावून केलेल्या २००६ च्या एका लहान अभ्यासात मोजमापांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, तरी ते लावलेल्या रुग्णांनी समाधान मात्र जास्त नोंदवले. मला हा अभ्यास आवडतो, कारण आपल्याला आरशात जे बरे वाटते आणि उपकरणावर जे दिसते त्यांतले अंतर त्यात उघड होते.

तिसरे एक नाव तुम्ही विकत घेतलेल्या बाटलीवर असण्याची दाट शक्यता आहे : अ‍ॅसिटाइल हेक्झापेप्टाइड-८, म्हणजेच 'आर्जिरेलीन'. याचा कोलॅजनशी संबंध नाही. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा इशारा कमी करणे हा त्यामागचा विचार, म्हणजे बोटुलिनम टॉक्सिनसारखे (बोटॉक्स) काहीतरी, पण बाहेरून लावून. कपाळाच्या आठ्या आणि डोळ्यांकडेच्या रेषा सौम्य करण्यापुरता त्याचा उपयोग सांगितला जातो. स्नायूपर्यंत तो पुरेसा पोहोचतो यावर माझा फारसा विश्वास नाही. शिवाय '१० टक्के आर्जिरेलीन' असे लिहिलेले असते तेव्हा ते बहुधा कंपनीकडून आलेल्या द्रावणाचे १० टक्के असतात. त्या द्रावणात पेप्टाइड आधीच अगदी थोडे असते. घट्टपणासाठी तुम्ही हेच लावत असाल, तर चार महिन्यांत काही न दिसणे अपेक्षितच आहे.

बाटली वाचण्याबद्दल एक चुकीचा सल्ला सगळीकडे फिरतो, तो इथे खोडून काढते. 'घटक यादीत खाली असेल तर तो नावापुरता आहे' असे सांगतात. इतर अनेक घटकांना हे लागू पडते. पेप्टाइडला नाही. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहितात. त्याखालचे कसेही लिहिता येतात. आणि वर पाहिलेच की पेप्टाइड दहा लाखांत काही भाग एवढ्यावर काम करते. त्यामुळे फिनॉक्सिइथेनॉलसारख्या संरक्षक घटकानंतर पेप्टाइडचे नाव आले तर बिचकू नका. उलट, 'बारा पेप्टाइड' असे मोठ्या अक्षरांत लिहिले म्हणून खूशही होऊ नका. चांगला अभ्यास झालेली एक किंवा दोन पुरेत. यादीत 'पामिटॉइल' हा शब्द एखाद्या पेप्टाइडच्या आधी आहे का ते पाहा. पामिटॉइल ट्रायपेप्टाइड-१ आणि पामिटॉइल टेट्रापेप्टाइड-७ ही जोडीही बरीच वापरलेली आहे. आणि सीरमच हवे असे नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात साधे मॉइश्चरायझरच होते.

इथवरचे एकत्र करून सांगते : पेप्टाइड निरोप देते, तो अर्धवट पोहोचतो, पोहोचला तर बारीक रेषांवर आणि पृष्ठभागावर बारा आठवड्यांनी थोडा फरक दिसतो. या क्षेत्रातले बरेचसे अभ्यास उत्पादक कंपन्यांचे, लहान आणि कमी मुदतीचे आहेत, हेही लक्षात असू द्या.

आता त्या दोन गोष्टी. पहिली सनस्क्रीन. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही, म्हणून विचारते : रोज लावता का, पुरेशी लावता का? एकीकडे फायब्रोब्लास्टला कोलॅजन बनवायचा निरोप द्यायचा आणि दुसरीकडे रोज उन्हात ते तुटू द्यायचे, यात पेप्टाइड नेहमी हरते. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षे चाललेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले होते, त्यांच्या त्वचेचे वय मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी वाढले. बाजारातल्या कुठल्याही पेप्टाइडच्या मागे इतका मोठा आणि लांबचा अभ्यास नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) संरक्षण असलेली, तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढी, चेहरा आणि मान मिळून. खिडकीच्या काचेतून यूव्हीए आत येते, त्यामुळे 'मी घरातच असते' हे कारण पुरत नाही.

दुसरी गोष्ट रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए गटातले पदार्थ. तुमचे रेटिनॉल त्यातलेच सौम्य. तुम्ही ते सोडले हे मला खटकले, आणि का ते सांगते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर १० ते १२ महिने ट्रेटिनॉइन, म्हणजे याच गटातले जास्त तीव्र औषध, लावले गेले. डर्मिसच्या वरच्या भागात पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली. नुसते औषधविरहित क्रीम लावलेल्यांमध्ये ती १४ टक्क्यांनी घटली. शिवाय ते कोलॅजन कापणाऱ्या विकरांनाही आवर घालते, म्हणजे दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. त्वचेवर लावायच्या औषधांत कोलॅजनसाठी याच्या तोडीचा पुरावा दुसऱ्या कशालाच नाही.

तुमचा चेहरा सोलला तो बहुधा सुरुवात जोरात झाल्यामुळे. पुन्हा करून पाहायची तयारी असेल तर सर्वांत कमी तीव्रतेचे रेटिनॉल घ्या. आठवड्यातून दोनच रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर लावा, त्यावर वाटाण्याएवढे रेटिनॉल पूर्ण चेहऱ्याला, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून. महिनाभर त्रास झाला नाही तरच एक रात्र वाढवा. उरलेल्या रात्री पेप्टाइड. बहुतेक जणी अशा सावकाश चालीने ते पचवतात. गर्भधारणा असेल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड नको. रोझेशिया (चेहरा वारंवार लाल करणारा विकार) किंवा इसब असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि इतके करूनही ज्यांना रेटिनॉल सोसतच नाही, त्यांच्यासाठी पेप्टाइडला मी खरी जागा देते. म्हणजे संवेदनशील त्वचा, सतत कोरडी पडणारी त्वचा, ज्यांना रेटिनॉइड चालत नाही अशा स्त्रिया. पेप्टाइड जळजळ करत नाही, उन्हाची संवेदना वाढवत नाही, सकाळ-संध्याकाळ कधीही चालते. थोडा फायदा, जवळजवळ शून्य त्रास, आणि रोज लावले जाण्याची खात्री. जे औषध माणूस सोडून देतो त्यापेक्षा जे लावत राहतो ते मला जवळचे वाटते. तरी नवे काहीही चेहऱ्यावर नेण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहा. पेप्टाइडची अ‍ॅलर्जी क्वचित, पण त्याच बाटलीतल्या सुगंधाची आणि संरक्षक द्रव्यांची येऊ शकते.

एकत्र लावण्याबद्दल भीती फार पसरवलेली आहे. पेप्टाइड आणि रेटिनॉल एकाच रात्री लावले तर बिघडत नाही. नायसिनमाइड, हायलुरोनिक आम्ल यांच्याशीही काही भांडण नाही. अपवाद एकच मी पाळायला सांगते : कॉपर पेप्टाइड आणि तीव्र व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, एकावर एक लावू नका. तांब्याने व्हिटॅमिन सी लवकर ऑक्सिडाइज होते. एक सकाळी, दुसरे रात्री. व्हिटॅमिन सीची बाटली असेल तर ती ठेवाच. कोलॅजनची साखळी पक्की होण्यासाठी शरीराला ते लागतेच, त्याच्या अभावी स्कर्व्हीत जुन्या जखमाही उघडतात, ते याच कारणाने. निळे कॉपर सीरम हिरवट किंवा तपकिरी झाले तर टाकून द्या.

कोलॅजनच्या क्रीमचे उत्तर छोटे आहे. त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) रेणू नीट आत जातात, असा ढोबळ नियम २००० पासून मानला जातो. कोलॅजनचा पूर्ण रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा. तो वरच राहतो आणि पाणी धरून ठेवतो. चांगले मॉइश्चरायझर म्हणून वापरा, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

पावडरची गोष्ट थोडी गुंतागुंतीची. पोटात गेलेल्या कोलॅजनचे पचनात तुकडे होतात, त्यातले काही छोटे पेप्टाइड रक्तात खरोखर आढळतात, आणि ते फायब्रोब्लास्टला निरोप देत असावेत अशी कल्पना आहे. रोज अडीच ते दहा ग्रॅम, दोन-तीन महिने, अशा अनेक अभ्यासांत त्वचेचा ओलावा आणि लवचिकता थोडी सुधारलेली दिसते. पण २०२५ मध्ये २३ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा कंपन्यांचा पैसा नसलेल्या अभ्यासांत फायदा उरला नाही. म्हणून मी स्वतःहून सुचवत नाही. कोणी घेतच असेल आणि मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर थांबवतही नाही. जेवणातली एकूण प्रथिने पुरेशी आहेत का, एवढे मात्र विचारते.

एका गोष्टीला मात्र स्पष्ट नकार. हल्ली कॉपर पेप्टाइडच्या कुप्या 'फक्त संशोधनासाठी' असे लिहून विकल्या जातात आणि लोक घरी सुईने टोचून घेतात, किंवा सुयांच्या रोलरने त्वचा टोचून वर साधे सीरम चोळतात. चेहऱ्यावर लावायचे सीरम निर्जंतुक नसते. ते त्वचेच्या आत गेले तर जंतुसंसर्ग आणि गाठी होऊ शकतात, आणि त्या गाठी बऱ्या करणे फार अवघड जाते. कृपा करून हे करू नका.

आरशावर विसंबू नका. रोज पाहिलेला चेहरा आपल्याला बदललेला दिसत नाही, आणि ज्या दिवशी झोप झालेली असते त्या दिवशी तो आपोआप बरा दिसतो. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, चेहरा न हसता, बाजूने आणि समोरून छायाचित्र काढा. बारा आठवड्यांनी पुन्हा. तुलना करताना डोळ्यांची कड आणि गालाचा पृष्ठभाग पाहा. जबड्याची कड हा तुमचा मुख्य त्रास असेल आणि आडवे झाल्यावर तो नाहीसा होत असेल, तर तिथे रेडिओफ्रिक्वेन्सी, अल्ट्रासाउंड, फिलर किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. कोणता, हे चेहरा तपासूनच ठरते, आणि काहीच न करणे हाही पूर्ण मान्य पर्याय आहे.

तर दुसरी बाटली. हातातली संपेपर्यंत लावा, तोवर सनस्क्रीन रोजची करा आणि रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्री, वर सांगितले तसे, पुन्हा सुरू करून पाहा. रेटिनॉल सोसले तर पेप्टाइडसाठी वेगळे पैसे घालू नका. साधे मॉइश्चरायझर पुरे. सोसले नाही तर पामिटॉइल पेप्टाइड असलेले, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर घ्या आणि किमान सहा महिने ते बदलू नका. आणि हे मला जरूर कळवा : यादीत कोणते पेप्टाइड आहे, पाळी नियमित आहे का, आणि या दोन-तीन वर्षांत वजन किती कमी-जास्त झाले. त्यावरून याहून नेमके सांगता येईल.